सुदाम्याची पुरचुंडी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून राज्यकारभार, धर्म, विज्ञान, वाङ्मय असे भारदस्त विषय बोलले जात आले आहेत. आज या टेबलावर पाण्याच्या तांब्याशेजारी एक विटके लुगडे, एक बनियन, एक टी-शर्ट आणि एक लेंगा मांडलेला पाहून मागच्या रांगेत जी कुजबुज झाली, ती आमच्या कानांवर आली आहे. 'व्याख्याते आले की बोहारीण?' असे कोणीसे म्हणाले. त्यांचा आम्हांस राग नाही. जुन्या कपड्यांपासून सुईदोऱ्यावाचून पिशव्या कशा कराव्यात, हाच आजचा विषय आहे. विषय लहान आहे हे कबूल. पण त्यात आमचे स्वतःचे एक जुने देणे गुंतलेले आहे, ते आज फेडावयाचे आहे.

आम्ही रोह्याचे, आणि बोलावयास आलो आहोत पेणला. पेण हे गणपतींचे तसेच पोह्यांचे गाव. तेव्हा पोह्यांच्या गोष्टीनेच आरंभ करणे उचित होईल. सुदामा द्वारकेस निघाला तेव्हा घरात काही नव्हते. त्याच्या बायकोने शेजारी मागून चार मुठी पोहे आणले आणि ते एका फडक्याच्या तुकड्यात बांधून दिले. भागवताच्या दशम स्कंधात ही गोष्ट आहे. ती फडके 'बांधते', शिवत नाही. आमच्या माहितीप्रमाणे आपल्या वाङ्मयातील ही सर्वांत प्रसिद्ध बिनशिवणीची पिशवी होय. मराठीत तिला आपण पुरचुंडी म्हणतो. पुढे द्वारकेच्या वैभवात सुदाम्याला ती पुढे करण्याची लाज वाटली, तो मान खाली घालून बसला, आणि कृष्णाने आपण होऊन ती ओढून घेतली. ही लाज आपण ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

शिवणकाम येण्यापूर्वी माणसाला बांधणे येत होते. आपली भाषाच याची साक्ष देते. मूठभर वस्तूची पुरचुंडी, पसाभर झाली की गाठोडे, त्याहून मोठे आणि ओबडधोबड झाले की बोचके. पैसा कनवटीला, नारळ ओटीत, भाकरी फडक्यात, पोर झोळीत. शेतावर आंब्याच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधून त्यात मूल निजविलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्यापैकी कित्येक जण तर त्या झोळीत निजलेही असतील. डोक्यावर हंडा घ्यावयाचा तर त्याखाली चुंबळ, ती चिंधी पिळून केलेली. पावसात घोंगडीचे एक टोक दुमडून केलेली खोळ, तिलाही टाका नाही. इतके कशाला, ज्या पेशवे दप्तरातून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतर निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, त्या दप्तरातील कागद शतकभराहून अधिक काळ फडक्यांतच बांधून ठेवलेले आहेत, आणि त्या गठ्ठ्यांची मोजदादच 'रुमाल' या शब्दाने होते. मराठ्यांचा इतिहास टिकला तो गाठीने टिकला, असे म्हणावयास हरकत नाही.

जपानात याच विद्येला 'फुरोशिकी' म्हणतात. स्नानगृहात कपडे ठेवण्यासाठी अंथरावयाचे फडके, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. मध्यंतरी तेथेही प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी ते फडके मागे पडले होते. २००६ साली त्यांच्या पर्यावरण मंत्री युरिको कोइके यांनी ते मुद्दाम लोकांपुढे आणले. ज्या गोष्टीची आपल्याकडे आठवण काढण्याचीही चोरी, तिचा त्या देशाने राष्ट्रीय गौरव केला. असो.

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम कापड पारखावे. लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. निऱ्यांचा घोळ आणि बसण्याची जागा आधी जाते. पदराकडचा भाग बहुधा धड असतो. उजेडासमोर धरावे आणि दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहावे. चर्रर्र आवाज आला तर ते पुसणे करण्यास ठेवावे. धड भागातून पन्ह्याइतक्याच लांबीचा तुकडा घ्यावा, म्हणजे चौकोन आपोआप बरोबर येतो. तुकडा कात्रीने कापू नये. काठाला लहानशी चीर देऊन टरकावावा. विणलेले सुती कापड धाग्याच्या रेषेतच फाटते, म्हणून कडा सरळ येते.

हा चौकोन उलट्या बाजूने त्रिकोणी दुमडावा. दुमडीच्या दोन्ही टोकांशी, टोकापासून वीतभर आत, एकेक गाठ मारावी. मग सबंध फडके उलटून घ्यावे. गाठी पोटात जातात आणि खाली गोल बूड तयार होते. वर उरलेली दोन टोके एकमेकांस बांधली की तोच कान. पाहा, अर्धे मिनिटही लागले नाही. यात तीन किलो तांदूळ सहज राहतात.

मात्र गाठ निरगाठ हवी, सुरगाठ नको. पुष्कळ जण दोन्ही वेळा उजवेच टोक डाव्यावर घेतात. ती गाठ ओझ्याने सरकते आणि तांदूळ रस्त्यावर येतात. पहिल्या वेळी उजवे टोक डाव्यावरून घ्यावे, दुसऱ्या वेळी डावे उजव्यावरून. अशी गाठ जितकी ताणावी तितकी घट्ट बसते. सोडवताना एकच टोक मागे वळवून सरळ ओढावे, म्हणजे ती निमूटपणे सुटते. पोरांना हे शाळेत बालवीरांच्या तासाला शिकवितात. थोरांनी ते पोरांकडून शिकावे.

बनियन आणि टी-शर्ट यांचे शास्त्र वेगळे. ते कापड ताण्याबाण्याने विणलेले नसून एकाच धाग्याचे फासे एकमेकांत गुंतवून केलेले असते. त्यामुळे कापले तरी त्याच्या कडेचे धागे सहसा सुटत नाहीत, आणि त्याची पट्टी ओढली की ती आपोआप गुंडाळून दोरीसारखी होते. या दोन गुणांमुळेच शिवणीवाचून काम भागते. बाह्या कापून टाकाव्यात, गळा थोडा मोठा करावा. खांदे हेच कान. बिनबाह्यांच्या बनियनीला तर तेवढेही करावयास नको. मग कपडा उलटा करून खालच्या कडेला दोन्ही पदरांतून बोटभर रुंद आणि चार बोटे लांब अशा चिरा द्याव्यात. पुढची पट्टी मागच्या पट्टीशी बांधीत जावे. एवढे केल्यावर गाठींच्या मधे भोके राहतात आणि वाल गळतात. म्हणून प्रत्येक जोडीची एक पट्टी शेजारच्या जोडीच्या एका पट्टीशी पुन्हा बांधावी. कपडा सुलटा केला की झाली पिशवी. कांदेबटाटे जास्त भरले तर ती गुडघ्यापर्यंत लांबते, हा तिचा दोष. लेंग्याचे सांगावयास नकोच: दोन्ही पायांची तोंडे बांधावीत, कमरेची नाडी आवळावी, आणि भरलेले पाय खांद्यावर पुढेमागे टाकून चालू लागावे. आपण हसलात, पण दोन्ही हात मोकळे ठेवणारी याहून स्वस्त पिशवी आम्हांस ठाऊक नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नायलॉनच्या गुळगुळीत साडीवर गाठ ठरत नाही. ओल्या मासळीला डबाच हवा. आणि पावसाळ्यात साखर फडक्यात आणू नये, हे कोकणातल्या माणसाला आम्ही काय सांगावे!

आता कोणी विचारील, कापडी पिशव्या दुकानात मिळतात, मग हा खटाटोप कशासाठी? दुकानातल्या पुष्कळशा 'कापडी' पिशव्या कापडाच्या नसतातच. हात लावता खरखरीत लागणारी, न विणता दाबून केलेली ती पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. बरे, खऱ्या सुताची नवी पिशवी घेतली तर? इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली याचा हिशेब प्रसिद्ध केला. हवा तापविण्याच्या बाबतीत, एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधावयास सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असे त्यात निघाले. कारण उघड आहे. कापसाला पाणी लागते, खत लागते, गिरणीला वीज लागते. एका सुती सदऱ्यामागे सुमारे २,७०० लिटर पाणी खर्च होते, असा एक प्रसिद्ध अंदाज आहे. याच पेण तालुक्यातील गागोद्यास १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी वर्षानुवर्षे सूत कातले. स्वतः कातणाऱ्याला हातभर कापडात किती श्रम असतात हे आकड्यांवाचून कळते.

म्हणजे पुण्य नव्या कापडात नाही. ज्याचा सर्व खर्च आधीच होऊन गेला आहे, त्या जुन्या कापडात ते आहे. त्यातही बांधलेल्या पिशवीचा एक विशेष गुण असा की, गाठ सोडली की चौकोनी फडके पुन्हा फडकेच राहते. उद्या त्याचीच झोळी, परवा चुंबळ, आणि अगदी शेवटी वाकळीतला एक थर. पेणच्या मूर्तिकारांना हे नवे नाही. शाडूची माती वाळू नये म्हणून तिच्यावर टाकावयाला जुन्या फडक्यासारखी वस्तू नाही.

कायदा आपल्या बाजूस आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईची गटारे तुंबली, त्यात या पिशव्यांचा दोष पुढे आला, आणि २००६ साली राज्याने पन्नास मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली. २३ मार्च २०१८ रोजी राज्याने पिशवीबंदीच जाहीर केली. २०२२ अखेरपासून १२० मायक्रॉनहून पातळ पिशवी देशभर बेकायदा आहे. तरीही पावसाळा संपल्यावर भोगावतीच्या किंवा कुंडलिकेच्या काठावरील झुडपे पाहावीत. पूर कुठपर्यंत चढला होता ते फांद्यांना अडकलेल्या पिशव्यांवरून कळते. कायदा असून असे का? फडके तर प्रत्येक घरात आहे. आमचे उत्तर असे की, अडचण फडक्याची नाही, लाजेची आहे. गाठोडे हे गरिबाचे चिन्ह ठरले. ज्याच्या हातात गाठोडे तो गावंढळ, ज्याच्या हातात पिशवी तो सुधारलेला, असे आम्ही ठरवून टाकले.

'आम्ही' म्हटले ते सभ्यतेखातर नव्हे. आम्ही लहानपणी रोह्यास नातलगांकडे शिकावयास होतो. तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ साली आले. महिन्यातून एकदा आमची आई गावाहून एस.टी.ने यावयाची. तिच्या डोक्यावर जुन्या लुगड्याचे गाठोडे: तांदूळ, वाल, थोडे पोहे. स्टँडवरून घरी जाताना आम्ही तिच्या दहा पावले पुढे चालत असू. एकदा वर्गातला एक मुलगा वाटेत भेटला. मागे पाहून त्याने विचारले, 'ही कोण रे?' आम्ही म्हणालो, 'गावाकडची बाई आहे.'

आई काही बोलली नाही. घरी येऊन तिने गाठ सोडली, धान्य डब्यांत ओतले, लुगड्याचा तुकडा झटकून घडी केली. परत जाताना कोणी तिला पाण्याची घागर नेऊन देण्यास सांगितले, तेव्हा त्याच तुकड्याची चुंबळ करून ती तिने डोक्यावर घेतली. तिने ऐकले नसेल, अशी आम्ही मनाची समजूत घातली. पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा हातात रेक्झिनची पिशवी होती. शेजाऱ्यांकडून मागून आणलेली. तांदूळ नेहमीच्या निम्मेच होते, कारण पिशवीत तेवढेच मावत होते. त्या दिवशी आम्ही तिच्याबरोबरीने चाललो, आणि आम्हांस आनंद झाला. त्या आनंदाची लाज वाटावयास पुढे वीस वर्षे लागली. तोवर ती राहिली नव्हती.

सभ्य गृहस्थहो, टेबलावरचे हे विटके लुगडे तिचेच आहे. पुष्कळ टरकावले, तरी अजून दोन चौकोन निघतील एवढे शिल्लक आहे. आम्ही हल्ली बाजारात हेच घेऊन जातो. वाण्याच्या दुकानात ते उलगडले की लोक पाहतात. कोणी हसतात, कोणी गाठ कशी मारली ते विचारतात. विचारणाऱ्यांची संख्या वाढते आहे, असा आमचा अनुभव आहे.

सुदाम्याने पुरचुंडी लपविली, यात त्याचा दोष नव्हता. तो गरीब होता आणि समोर राजवाडा होता. आम्ही ती लपविली तेव्हा समोर राजवाडाही नव्हता, होता तो फक्त एक वर्गमित्र. आज आपल्या घरी गेल्यावर कपाटाच्या तळाशी असलेले एक जुने कापड काढावे, घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारून त्याची गाठ मारावयास शिकावे, आणि उद्या सकाळी ते हातात धरून भर बाजारपेठेतून जावे. दहा पावले पुढे नव्हे, तिच्या बरोबरीने.

 पुढे येऊन ज्यांना गाठ मारून पाहावयाची असेल त्यांच्यासाठी फडकी येथेच ठेवली आहेत.