फुगा उतरणार कुठे?



7 फेब्रुवारी 2021 रोजी रामेश्वरमहून विद्यार्थ्यांनी बनवलेले 100 चिमुकले उपग्रह हेलियमच्या फुग्यांनी आकाशात नेले. त्या उपक्रमात महाराष्ट्रातली मुलंही होती. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरातल्या शाळांनीही असा प्रकल्प हाती घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. मात्र मुलांनी आधी विचार करावा तो फुगा उतरणार कुठे आणि कसा, याचा.

सेकंदाला पाच मीटर वेगाने चढणारा रबरी फुगा पावणेदोन तासांच्या आत 30 किलोमीटर उंची गाठतो. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाएवढा असतो. फुगा फुगत जातो आणि शेवटी फुटतो. वाटेत तापमान उणे 70 अंशांच्याही खाली जातं. उपकरणांची बॅटरी तग धरावी म्हणून थर्माकोलची पेटी लागते. बरीचशी साधी जीपीएस यंत्रं 18 किलोमीटरच्या वर काम करत नाहीत, हेही खरेदीआधीच पाहावं लागतं.

फुगा फुटला की सारी भिस्त पॅराशूटवर. इथे आपल्या भागाचं बळ कामी येतं. टॉवेल-चादरींच्या या वसाहतीत घरोघरी कापडाची जाण आहे. पेटीच्या वजनाला घेर किती हवा, हे मुलगी वहीत मांडेल. शिवण ताण सोसेल का, हे मशीनवर बसणारी तिची आई सांगेल.

हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून येतात. तेव्हा पेटी अक्कलकोट किंवा कर्नाटकातल्या आळंदच्या बाजूला उतरण्याचा संभव अधिक. म्हणून तिच्यावर मराठीबरोबर कन्नडमध्येही लिहावं: घाबरू नका, शाळेला कळवा. हैदराबादहून उडणाऱ्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फुग्यांची उपकरणं सोलापूर जिल्ह्यातही उतरू शकतात. ती संस्था लोकांना तसं आधी जाहीरपणे कळवते. मुलांनीही विमान वाहतूक अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी, पोलिसांना कळवावं आणि पेट घेणारा हायड्रोजन टाळून हेलियमच वापरावा.

आपण सोडलेली वस्तू कुणाच्या शेतात पडेल, याची काळजी नववीत करायला शिकलेलं मूल उद्या यंत्र उभारतानाही माणसांचा विचार आधी करेल. म्हणून कारखानदारांनी एखाद्या शाळेच्या हेलियमचा आणि कापडाचा खर्च उचलावा. शिक्षकांनी शाळा सुरू होताच परवानगीच्या अर्जाला लागावं. हिवाळा येईपर्यंत मुलांची तयारी नक्की होईल.