‘काही नाही, पित्त असेल’ असं म्हणू नका

(प्रभाग संघाच्या मासिक सभेतील भाषण)

हप्ते आणि कर्जाचं बोलणं आज जरा बाजूला ठेवू. मला दवाखान्याच्या अपघात विभागाबद्दल, म्हणजे आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो, त्याबद्दल बोलायचंय.

पनवेलला मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा असे दोन मोठे रस्ते येतात. गाड्यांचे अपघात, तापाने फणफणलेली पोरं, पावसाळ्यात साप-विंचू चावलेले, सगळे एकाच दारातून आत येतात. माथेरानच्या पायथ्याच्या वाडीवरून आपण धापा टाकत पोचतो आणि आपल्याला बाकड्यावर बसवतात. मागून आलेला माणूस आधी आत जातो. मग वाटतं, गरिबाला कुणी वाली नाही.

पण कॅज्युअल्टीत रेशनच्या दुकानासारखा नंबर नसतो. ज्याच्या जिवाला धोका जास्त, तो आधी. धोका किती, हे नाडी, बीपी, श्वास बघून ठरतं, तसंच आपण काय सांगतो त्यावरूनही ठरतं. इथेच आपण बाया मागे पडतो. दुखणं अंगावर काढायची सवय! छाती जड झालीय, घाम फुटलाय, तरी म्हणणार, ‘काही नाही, पित्त असेल.’ बाईला हार्ट अटॅक आला तर छातीत जोराची कळ येईलच असं नाही. धाप लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळणं, एकाएकी गळून जाणं, हीसुद्धा त्याची लक्षणं असतात. म्हणून आजाराचं नाव आपण ठेवायचं नाही. जे होतंय ते सांगायचं.

दुसरं, वेळ सांगा. तोंड वाकडं झालं, हातातला जोर गेला, बोलणं अडखळलं, तर तो लकव्याचा झटका असू शकतो. रक्ताची गाठ विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यामुळे ‘सकाळपासून’ म्हणू नका. ‘सात वाजता चहा घेताना चांगली होती’ असं सांगा.

साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. साप मारून आणायचीही गरज नाही. हातपाय न हलवता माणसाला थेट दवाखान्यात न्या.

चालू गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या. बाई गरोदर असेल तर आधी तेच सांगा. आणि बाकड्यावर बसल्या बसल्या त्रास वाढला, तर गप्प राहू नका. उठा आणि सिस्टरना सांगा, ‘मघापेक्षा जास्त झालंय.’ हे भांडण नव्हे, माहिती आहे.

108 ची गाडी फुकट आहे, रात्रीही येते. जखमी माणसावर आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर, असं सुप्रीम कोर्टाने 1989 सालीच सांगितलंय. दवाखाना सरकारी असो की खाजगी.

पैशासाठी घरात थांबू नका. गटाचा जोखीम निधी अशाच वेळेसाठी आहे. रात्री तो कोण काढून देणार, हे मात्र आधी ठरलेलं हवं.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढं करा. प्रत्येक ताईचं नाव, वय, जुने आजार, चालू गोळ्या, घरच्यांचा फोन नंबर एका कागदावर लिहा आणि तो तिच्या घरी दाराजवळ लावा. ज्या ताईला लिहिता येत नाही, तिचा कागद शेजारणीने लिहावा.