सायकलीचें माप

शिंपी माप घेतल्यावांचून कोट बेतीत नाहीं. चष्मा तर डोळे तपासल्याखेरीज कोणी घेतच नाहीं. परंतु ज्या वाहनावर मनुष्य वर्षानुवर्षें आपल्या अंगाचा सारा भार टाकतो, तें वाहन मात्र तो रंग पाहून आणि किंमत विचारून घरीं आणतो. दुकानदार विचारतो, "चोवीस कीं सव्वीस?" गिऱ्हाईक उत्तर देतें आणि व्यवहार संपतो. वास्तविक हा आंकडा चाकाचा आहे. त्यावरून सांगाड्याची उंची कळत नाहीं. बसणाऱ्याच्या पायाची लांबी तर मुळींच कळत नाहीं.

सायकल अंगाला बेतून देणें हा आतां एक स्वतंत्र धंदा झाला आहे. मोठ्या शहरांत हें काम करणारे 'बाइक फिटर' असतात. ते बसणाऱ्याचे सांधे मोजतात, तो सायकल चालवीत असतां त्याचीं चित्रें घेतात, आणि मग बैठक व हॅन्डल जागेवर आणतात. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्यानें पुरी केली. एवढ्या लांबच्या पल्ल्यावर बैठकींतला बोटभर फरकहि शरीराला केवढा भारी पडेल, हें सांगावयास नको.

पण चंद्रपुरांत 'फिटर' म्हटलें कीं डोळ्यांपुढें येतो तो कोळशाच्या खाणींतला किंवा वीजकेंद्रांतला कारागीर. सायकलीचा कारागीर म्हणजे झाडाखालीं पंप, पाण्याचें घमेलें आणि पाने मांडून बसलेला मनुष्य. त्याच्याकडे लोक पंक्चर घेऊन जातात, वांकडें झालेलें चाक घेऊन जातात. आपलें दुखरें शरीर घेऊन त्याच्याकडे कोणी जात नाहीं. आणि खरी गोष्ट ही आहे कीं, या वनप्रदेशांत मापाची गरज शर्यतवाल्यापेक्षां दुसऱ्याच कोणाला अधिक आहे.

१९८२ च्या ऑगस्टमध्यें चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. दोन्हीकडे रान मोठें, वस्ती विरळ आणि गांवें दूरदूर. मानव विकास कार्यक्रमाखालीं राज्यांतील मागास तालुक्यांत, शाळेपासून पांच किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या, आठवी ते बारावींतील गरजू मुलींना सायकलीसाठीं पैसे मिळतात. २०२२ सालीं ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यांत आली. ज्या घरांत मुलीच्या नांवावर दुसरी वस्तु नाहीं, त्या घरांत ही सायकल म्हणजे तिची पहिली मालमत्ता होय.

अशी आठवींतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणावी. घरची मंडळी परकर-पोलक्याप्रमाणें सायकलहि वाढत्या अंगाची घेतात. बारावीपर्यंत पुरली पाहिजे ना! त्यांत चूक कांहींच नाहीं. पण वाढत्या अंगाचा कपडा घेतला तर आई आज त्याला दुमड घालते आणि पुढच्या वर्षीं ती उसवते. सायकलीची दुमड म्हणजे बैठकीखालचा नट. तो एकदां दुकानांत आवळला जातो आणि बहुधा पुढें कोणी सैल करीत नाहीं. आठवींत मुलीचा पाय पुरत नाहीं, आणि दहावींत बैठक ठेंगणी होऊन गुडघे वर येतात.

आतां थोडें गणित करावें. साध्या सायकलीचें पायडल एकदां पुरें फिरलें म्हणजे ती सुमारें पांच मीटर पुढें जाते. पांच किलोमीटरांना हजार फेरे, जाऊन येऊन दोन हजार. शाळेचे दोनशें दिवस धरले तरी वर्षाला चार लाख वेळां तो कोंवळा गुडघा वांकतो आणि सरळ होतो. एका फेऱ्यांत न जाणवणारी चूक चार लाखांनीं गुणली म्हणजे दुखणें होतें. मुलगी म्हणते, पाय दुखतो. मोठीं माणसें म्हणतात, अशक्तपणा आहे. सायकलीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. हळूहळू ती सायकल भावाकडे जाते, आणि मुलीचे शाळेचे दिवस खाडे पडूं लागतात.

अक्कल गुडघ्यांत असते असें थट्टेनें म्हणतात. सायकलीच्या बाबतींत तें अगदीं खरें आहे. बैठक ठेंगणी असली तर गुडघ्याच्या वाटीभोंवतीं, पुढच्या अंगाला दुखतें. ती फार उंच असली तर पाय पुरविण्यासाठीं कंबर डावी-उजवीकडे हेलकावते आणि गुडघ्याच्या मागें ओढ बसते. हॅन्डल दूर पडलें तर मान अवघडते व तळहात बधिर होऊन करंगळीला मुंग्या येतात. चांगल्या फिटरला ही भाषा वाचतां येते.

तो ओळखावा कसा? पहिली खूण अशी कीं, तो पान्याला हात लावण्यापूर्वीं प्रश्न विचारतो: कोठें दुखतें, रोज किती जाणें होतें, मागें ओझें कोणतें असतें, रस्ता डांबरी कीं मुरुमाचा? दुसरी खूण, तो माणसाला सायकलीवर बसवून पाहतो. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदीं खालीं नेलें असतां पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर कलतां कामा नये. मग चवडा पायडलवर ठेवतांच गुडघ्याला हवा तेवढा बांक येतो. १९६७ सालीं हॅम्ले आणि थॉमस या संशोधकांनीं पायाच्या आंतील लांबीच्या १०९ टक्के अंतर पायडलपासून बैठकीपर्यंत असावें, असें प्रयोगानें काढलें. सत्तर सेंटिमीटरांच्या पायाला तें सव्वाशहात्तर होतें.

परंतु तिसरी खूण याहून मोठी आहे: तो आंकड्याचा गुलाम नसतो. कॅरिअरवर तांदळाचें पोतें असेल, पावसाळ्यांत चिखल असेल, वळणावर अचानक गुरें आडवीं येत असतील, तर पाय चटकन् जमिनीला टेकला पाहिजे. तेथें शहाणा फिटर बैठक दोन बोटें खालींच ठेवतो. चौथी खूण, तो एका वेळीं एकच बदल करतो, आणि तोहि थोडा. "आठ दिवस चालवा आणि सांगा," असें म्हणून पाठवितो. पांचवी, बैठकीची नळी सांगाड्यांत निदान अडीच इंच राहील याची तो काळजी घेतो, कारण त्याहून वर ओढलेली नळी मोडते.

आणि शेवटची खूण प्रामाणिकपणाची. सांगाडाच मोठा असेल तर कोणताहि पाना तो लहान करूं शकत नाहीं. "ही सायकल या मुलीची नव्हे," असें जो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो, आणि दुखणें हटत नसेल तर डॉक्टरकडे जा म्हणतो, त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा.

असे कारागीर झाडाखालींहि असतात. मग ते दिसत कां नाहींत? कारण पंक्चरचे पैसे ठरलेले आहेत. नजरेचे पैसे कोणी देत नाहीं. अर्धा तास खपून बैठक बसविली तर गिऱ्हाईक म्हणतें, "एक नट तर फिरवला!" ज्या कामाला मोल नाहीं, तें काम कारागीर हळूहळू विसरतो. शहरांतील सुशिक्षित घरांनीं येथें थोडें पुढें व्हावें. स्वतःच्या गिअरच्या सायकलीचें माप करून घ्यावें, त्याचा मोबदला आनंदानें द्यावा, आणि घरीं कामाला येणाऱ्या बाईच्या मुलीची सायकलहि त्याच फिटरकडे न्यावी. शाळांनींहि जूनमध्यें त्याला एक दिवस पटांगणांत बोलवावें, आणि प्रत्येक मुलीची बैठक तिच्या यंदाच्या उंचीला आणून घ्यावी.

नट सैल करून पुन्हा आवळण्यास दोन मिनिटें लागतात. तेवढ्यानें कोणा मुलीची शाळेची वाट सोपी होत असेल, तर तीं दोन मिनिटें दर वर्षीं कोणीतरी काढलींच पाहिजेत.