वाढत्या मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या ग्रंथालयासाठी बारा ते अठरा वर्षांच्या मुलांना वाचण्याजोगी पुस्तके सुचवावीत, अशी आज्ञा कार्यवाहांनी आम्हांस केली. आम्ही साहित्यिक नव्हे. बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि पुढची तीस वर्षे फायलींवर टिपणे लिहिण्यात गेली. तेव्हा हे विवेचन समीक्षकाचे नसून बदलीच्या गावोगावी दोन मुले वाढविलेल्या एका बापाचे आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दर तीन-चार वर्षांनी सामान बांधले जाते. भांडीकुंडी नव्या गावी पोहोचतात. मुलाचा मित्र मात्र मागे राहतो. गावाकडे कोणी आजारी पडले वा गेले, तर आपण दाराआड बोलतो. मुलांच्या अभ्यासात व्यत्यय नको, ही त्यामागची सद्भावना. गावी असतो तर आजीने, आत्याने, शेजारच्या काकूंनी मुलास जवळ घेऊन दोन शब्द सांगितले असते. येथे ते माणूस नसते आणि मूल मनातल्या मनात कुढत राहते.

आम्ही गुवाहाटीस असताना आमच्या मातोश्री साताऱ्यास निवर्तल्या. धाकट्या चिरंजीवांची आठवीची परीक्षा चालू होती, म्हणून त्यास शेजाऱ्यांकडे ठेवून आम्ही उभयता गेलो. तेरावा उरकून परतलो. त्याने काही विचारले नाही आणि आम्हीही काही सांगितले नाही. मुलगा शहाण्यासारखा वागला, असे आम्ही कौतुकाने म्हणत होतो!

पुढे उन्हाळ्यात रोज रात्री जेवणानंतर 'श्यामची आई' मोठ्याने वाचण्याचा परिपाठ आम्ही सुरू केला. या पुस्तकाचा बहुतेक भाग साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात ४२ रात्री आहेत. आई अखेरचे क्षण मोजीत असताना श्याम दूर असतो आणि घरी पोहोचतो तो सारे आटोपल्यावर. त्या भागाशी आलो आणि आमचा आवाज फुटेना. मुलाने पुस्तक आमच्या हातून घेतले. हिंदी माध्यमात शिकणारा तो, जोडाक्षरांशी अडखळत त्याने ते प्रकरण शेवटपर्यंत वाचले. मग खाली मान घालून विचारले, "बाबा, आजीनं माझं नाव घेतलं होतं का?"

घेतले होते. दोनदा घेतले होते. ते त्यास सांगावयाचे आम्ही चार महिने टाळले होते. त्या रात्री आम्ही बापलेक फार उशिरापर्यंत बोलत बसलो.

म्हणून पहिली शिफारस हीच. मात्र एक विनंती आहे. 'बघ, श्याम कसा वागायचा' असे म्हणून हे पुस्तक छडीसारखे वापरू नये. श्यामही खोटे बोलतो, पाण्यास भितो, आईवर रुसतो. मुलांस तो आपला वाटतो, तो यामुळेच.

दुसरी शिफारस प्रकाश नारायण संत यांच्या लंपनकथांची. 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' आणि 'झुंबर' अशी ही चार पुस्तके. ही कादंबरी नव्हे, कथांची माला आहे. पण सलग वाचली असता एक मुलगा डोळ्यांदेखत मोठा होतो. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांपाशी राहणारा लंपन, त्याची मैत्रीण सुमी आणि बेळगाव भागातली ती कानडी वळणाची मराठी! आपली मुले बोलताना हिंदी मिसळतात म्हणून आपण त्यांस टोकतो. शेजारच्या भाषेचे पाणी मिसळूनही मराठी किती गोड राहते, हे लंपनकडून त्यांना कळेल आणि आपल्यालाही. पुढे या मालेत वडिलांचा मृत्यूही येतो. तेथे मुलाजवळ कोणीतरी असावे.

तिसरे पुस्तक मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४). काळ आणीबाणीचा, नायक नववीतला मुकुंद जोशी. मित्रांची टोळी, वर्गातली शिरोडकर आणि ते पहिलेवहिले हुरहुरणे. मुलांच्या तोंडी काही रांगडे शब्द आहेत, म्हणून एका भगिनींनी आमच्यापाशी नाराजी व्यक्त केली. शब्द आहेत खरे. पण ते मुलांना आधीच ठाऊक असतात. शेवटी वडिलांच्या बदलीमुळे शिरोडकर गाव सोडून जाते. बदली ही आपण नेहमी जाणाऱ्याच्या बाजूने अनुभवतो; मागे राहणाऱ्याचे काय होते, हे आमच्या थोरल्या मुलीस या पुस्तकाने दाखविले. मागच्या गावच्या मैत्रिणीला तिने त्याच आठवड्यात पत्र लिहिले. तोवर दोन वर्षे लोटली होती.

महाविद्यालयात जाणाऱ्यांसाठी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) असू द्यावी. खानदेशातून पुण्यास शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर सुरुवातीस हसवितो. धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू येतो तेव्हा मात्र वाचणाऱ्याचे हसू मावळते. लहानांच्या हाती ती देण्याची घाई करू नये.

ग्रंथालयाने या पुस्तकांच्या दोन-दोन प्रती घ्याव्यात, एक मुलासाठी व एक पालकासाठी, अशी आमची सूचना आहे. मराठी वाचता न येणाऱ्या मुलांस आपण वाचून दाखवावे. रोज पाच पाने पुरेत. वाचताना आपला कंठ दाटला तर तो लपवू नये. मुलांनी काही विचारलेच, तर त्या वेळी दूरचित्रवाणी बंद करून उत्तर द्यावे. एवढेच आम्हांस सांगावयाचे होते.