मॅक्रो : चार ओळींची आज्ञा

शाळेचें स्नेहसंमेलन उद्यां सकाळीं आहे. बाईंनीं साठ स्लाइडांचें सादरीकरण सिद्ध केलेलें आहे, आणि ऐन सायंकाळीं निरोप येतो, 'सर्व मराठी मजकुराचा फाँट बदला.' एकेक चौकट निवडीत बसावें तर मध्यरात्र उलटावयाची. शिवाय एखादी डोळ्यांतून निसटली कीं ती नेमकी पडद्यावरच दिसावयाची. सर्व स्लाइडा 'स्लाइड मास्टर'च्या शिस्तीनें केलेल्या असत्या तर एका ठिकाणीं बदल करून भागलें असतें. पण चार जणांकडून गोळा केलेल्या स्लाइडांना शिस्त कोठली?

अशा वेळीं मॅक्रो कामास येतो. मॅक्रो म्हणजे यंत्राला एकदांच लिहून द्यावयाची आज्ञावली. पॉवरपॉइंट १९८७ सालीं निघालें. त्यांत पूर्वीं हातचें काम टिपून घेऊन मॅक्रो आपोआप बनविण्याची सोय होती. २००७ च्या आवृत्तींत ती काढून टाकण्यांत आली. पुष्कळांस हें गैरसोयीचें वाटलें. परंतु स्वतः लिहिणाराला आपण काय लिहिलें तें कळतें, हा लाभ लहान नव्हे.

विंडोजवर आल्ट व एफ-११ या कळा एकदम दाबल्या कीं लिहिण्याची खिडकी उघडते. तेथें 'इन्सर्ट'मधून 'मॉड्यूल' घ्यावें. आज्ञेचा आशय एवढाच : प्रत्येक स्लाइड घे, तिच्यावरील प्रत्येक आकृति घे, तींत मजकुराची चौकट असेल तर फाँट बदल. 'फॉर ईच'नें फेरा सुरू होतो, 'नेक्स्ट'नें पुढें सरकतो, 'इफ'नें पारख होते. ही पारख गाळली तर पहिल्या छायाचित्रापाशींच मॅक्रो अडून पडतो.

मराठी लिहिणाराची फसगत होते ती पुढेंच. 'फाँट-नेम' बदलूनहि देवनागरी अक्षरें जुन्याच वळणांत राहूं शकतात. कारण त्यांच्यासाठीं 'नेम-कॉम्प्लेक्स-स्क्रिप्ट' असा निराळा गुणधर्म आहे. दोन्हीं ओळी लिहाव्या.

फाइल 'पीपीटीएम' या प्रकारांत जतन करावी. 'पीपीटीएक्स'मध्यें मॅक्रो टिकत नाहीं. परक्याकडून आलेला मॅक्रो मात्र वाचल्यावांचून चालवूं नये. १९९९ सालीं 'मेलिसा' नांवाचा उपद्रवी विषाणू वर्डच्या मॅक्रोंतूनच जगभर पसरला होता.

आपला मॅक्रो चालविण्यासाठीं एफ-५ दाबण्यापूर्वींहि मूळ फाइलीची एक प्रत बाजूस ठेवावी. फेरा क्षणांत संपतो. कोष्टकें व गटानें बांधलेल्या आकृति यांना तो शिवत नाहीं. तेवढ्या स्लाइडा बाईंनीं निजण्यापूर्वीं स्वतः पाहाव्या.