जुन्या संगीताचा नवा हंगाम

युरोपातील मोठ्या नगरांत संगीताचे वर्ष पानगळीच्या ऋतूत सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. या सात-आठ महिन्यांना तिकडे संगीताचा हंगाम म्हणतात. हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी प्रत्येक वाद्यवृंद आपले पत्रक काढतो. कोणत्या रात्री, कोणत्या सभागृहात, कोणाची कोणती रचना सादर होणार, हे त्यात नोंदलेले असते. ते पाहून रसिक वर्षभराची वर्गणी आगाऊ भरतात. म्हणजे पत्रक ही नुसती जाहिरात नव्हे. तो एक करार आहे. न ऐकलेल्या संगीतावर विश्वास ठेवून श्रोता पैसे मोजतो, आणि तो विश्वास सार्थ करण्याची जबाबदारी वादकांवर येते.

ज्या वृंदाने तीन-चारशे वर्षांपूर्वीचे संगीत त्या काळच्या वाद्यांवर वाजवण्याचे व्रत घेतले आहे, त्याच्या बाबतीत हा करार अधिकच नाजूक असतो. व्हिएन्ना येथील 'कॉन्सेंटस म्यूझिकस' या वृंदाची कथा या दृष्टीने मनन करण्यासारखी आहे. लॅटिन भाषेतील 'कॉन्सेंटस' या शब्दाचा अर्थ सुरांचा मेळ असा होतो.

जुने संगीत जुन्या पद्धतीने वाजवण्यात अवघड ते काय, अशी शंका आपल्याकडील श्रोत्याला सहज येईल. आपल्याकडे चीज गुरूच्या कंठातून शिष्याच्या कंठात उतरते. कागद असलाच, तर तो स्मरणाला आधार म्हणून. युरोपात याच्या उलट घडले. तेथे रचना कागदावर राहिली, पण ती वाजवण्याची रीत मात्र पिढ्यांच्या ओघात पालटून गेली. योहान सेबास्टियन बाख १७५० साली निवर्तला. त्याचे 'सेंट मॅथ्यू पॅशन' मेंडेल्सोनने बर्लिनमध्ये पुन्हा सादर केले ते १८२९ साली. मधल्या काळात वाद्ये बदलली, सभागृहे मोठी झाली, श्रोत्यांचा कानही बदलला. बाखची स्वरलिपी शिल्लक होती, परंतु तिचा उच्चार हरवला होता.

हा उच्चार लिपीत का सापडत नाही, याचे कारण साधे आहे. त्या काळचा रचनाकार, जे प्रत्येक वादकाला ठाऊकच आहे, ते लिहीत नसे. सूर कोठे हलका करावा, कोठे तोडावा, कंपन वरच्या स्वरापासून सुरू करावे की मूळ स्वरापासून, याच्या खुणा फार थोड्या ठिकाणी आढळतात. खर्जाच्या ओळीखाली केवळ काही अंक लिहिलेले असत. त्या अंकांवरून हार्प्सिकॉर्ड वाजवणाऱ्याने उजव्या हाताची सारी भरणी आयत्या वेळी, स्वतःच्या बुद्धीने करावयाची असे. कागदाचा मजकूर म्हणजे निम्मे संगीत. उरलेले निम्मे वादकाच्या बोटांत होते, आणि ती बोटे केव्हाच काळाच्या पडद्याआड गेली होती.

१९५३ साली व्हिएन्नातील काही तरुण वादक हे हरवलेले निम्मे संगीत शोधण्यासाठी एकत्र आले. त्यांचा अग्रणी निकोलाउस हार्नोनकूर हा त्या वेळी तेविशीत होता. पोटासाठी तो व्हिएन्ना सिंफनी या वाद्यवृंदात सेलो वाजवीत असे. त्याची पत्नी अलिस हिच्याकडे व्हायोलिन होते. महायुद्धातून सावरणाऱ्या, १९५५ पर्यंत चार परकी राष्ट्रांच्या ताब्यात असलेल्या त्या नगरीत या मंडळींनी जुनी वाद्ये जमवली, ग्रंथालयांतील हस्तलिखिते उतरून घेतली आणि अठराव्या शतकातील वादनविषयक ग्रंथ अभ्यासले. दिवसाची नोकरी सांभाळून त्यांच्या तालमी खाजगी घरात चालत. अशी चार वर्षे गेली. एकही जाहीर मैफल नाही, एकही पत्रक नाही.

त्यांच्या हाती आलेली वाद्ये आजच्या वाद्यांहून किती निराळी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या तपाचे मोल कळते. व्हायोलिनवर पोलादी तारेऐवजी आतड्याची तात. ती हवेतील ओलाव्याने उतरते आणि मैफलीच्या मध्येच पुन्हा लावावी लागते. गज हलका आणि बाहेरच्या बाजूस किंचित वाकलेला, त्यामुळे त्याचा स्वर उच्चारलेल्या शब्दासारखा उमटतो आणि विरतो. कर्ण्याला आणि शिंगाला कळा नाहीत; वादकाला ओठांच्या आणि श्वासाच्या बळावरच स्वर गाठावा लागतो, आणि तो निसटला तर साऱ्या सभेला कळतो. पट्टीही वेगळी. आजचा प्रमाण 'ए' स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा मानतात. बाखच्या काळच्या संगीतासाठी आज बहुधा ४१५ ची पट्टी घेतात. आपल्या पेटीच्या भाषेत सांगावयाचे तर काळी एकवरून पांढरी एकवर यावे, तसा हा सुमारे अर्ध्या स्वराचा उतार आहे.

१९५७ साली हा वृंद प्रथमच जाहीररीत्या श्रोत्यांसमोर आला. पुढे श्वार्झेनबर्ग प्रासादात त्याच्या नियमित मैफली होऊ लागल्या. मुंबईचा झुबिन मेहता हा तरुण १९५४ पासून याच नगरीत संगीताचे शिक्षण घेत होता. मोठ्या वाद्यवृंदाच्या भरदार नादाचा वारसा त्याच्यासारख्या विद्यार्थ्यांना मिळत असताना, त्याच गावात मूठभर मंडळी त्या नादाच्या आधीचा, कृश परंतु बोलका नाद शोधीत होती. एकाच नगरीने दोन्ही साधनांना जागा दिली, हे त्या नगरीचे थोरपण होय.

ही वाट सोपी मुळीच नव्हती. सोळा-सतरा वर्षे हार्नोनकूरने सिंफनीतील नोकरी सोडली नाही. १९६९ साली ती सोडली. दोन वर्षांनी, १९७१ साली, त्याने हॉलंडच्या गुस्ताव लेओनहार्टबरोबर बाखच्या धार्मिक कंटाटांचे ध्वनिमुद्रण आरंभले. उपलब्ध असलेल्या सुमारे दोनशे कंटाटांचे हे काम तडीस जाण्यास जवळजवळ दोन दशके लागली. सोप्रानोचे भाग बव्हंशी मुलांच्या आवाजात घेतले गेले, आणि तबकड्यांसोबत स्वरलिपीही छापून देण्यात आली. वादकांचे संशोधन श्रोत्याला स्वतः पडताळून पाहता यावे, हा प्रामाणिकपणा त्यात होता.

या प्रयत्नावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. गेलेला काळ परत आणता येत नाही; मग जुन्या वाद्यांचा हा अट्टाहास म्हणजे पुराणवस्तुसंग्रहालयच नव्हे काय? आक्षेप अगदीच निराधार नाही. आजचा श्रोता अठराव्या शतकाचा कान घेऊन सभागृहात येत नाही, हे खरेच आहे. परंतु हार्नोनकूरचा हेतू संग्रहालय उभारण्याचा नव्हता. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या नावातच त्याने संगीताला नादाचे भाषण म्हटले आहे. भाषणात पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्न आणि उत्तर असते. ते गुळगुळीत करून टाकले तर माधुर्य उरते, पण अर्थ जातो. तो अर्थ पुन्हा ऐकू यावा, याचे साधन म्हणून जुने वाद्य. साधनाला साध्य मानण्याची चूक त्याने केली नाही.

अशा रीतीने साठ वर्षांहून अधिक काळ एकाच पुरुषाच्या नेतृत्वाखाली प्रत्येक हंगाम उभा राहिला. २०१५ च्या हंगामाचे पत्रकही नेहमीप्रमाणे निघाले होते, वर्गणी भरली गेली होती. ५ डिसेंबर २०१५ रोजी, आपल्या शहाऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, हार्नोनकूरने श्रोत्यांना उद्देशून एक छोटेसे पत्र लिहिले. शरीर साथ देत नाही, म्हणून पुढील बेत सोडावे लागत आहेत, एवढेच त्याचे तात्पर्य. पुढे तीन महिने उलटतात न उलटतात तोच, ५ मार्च २०१६ रोजी, त्याचे देहावसान झाले.

आता खरा प्रश्न उभा राहिला. जो उच्चार कागदावर नाही, जो एका माणसाने आयुष्यभर शोधून काढला, तो त्याच्याबरोबर पुन्हा एकदा लोपणार काय? पुढील हंगामाचे पत्रक काढावयाचे की दारे लावून घ्यावयाची? वृंदाने पत्रक काढण्याचे ठरवले. वृंदातीलच एक कळवाद्यवादक स्टेफान गोटफ्रीड याच्याकडे नेतृत्व आले. त्याच्या पाठीशी व्हायोलिनवर वर्षानुवर्षे बसलेली अनुभवी मंडळी होती.

या निर्णयात एक मोठी उपरोधिक गोष्ट दडलेली आहे. तुटलेली परंपरा कागदांवरून सांधण्यासाठी हा वृंद जन्माला आला. आणि संस्थापकाच्या पश्चात तो टिकला तो कागदांच्या बळावर नव्हे. स्वरलिपीच्या प्रतींवरील खुणा तर होत्याच. परंतु कोणत्या स्वरानंतर श्वास घ्यावा, हे शेजारी बसून वाजवणाऱ्याकडून शेजाऱ्याने उचललेले होते. ज्या युरोपाने आपला उच्चार गमावला होता, त्याच्या एका कोपऱ्यात साठ वर्षांच्या सहवासातून एक नवे घराणे तयार झाले होते, आणि ते तयार होत असताना कोणी त्याला घराणे म्हटलेही नव्हते.

म्हणून अशा वृंदाचे येत्या हंगामाचे पत्रक हाती आले म्हणजे त्यातील तारखांच्या आणि नावांच्या पलीकडे पाहावयास हवे. परिचित रचनांच्या शेजारी एखादे विस्मृतीत गेलेले नाव दिसेल; परिचित रचनाही गेल्या वर्षीसारखीच ऐकू येईल, याची हमी नाही. तात पुन्हा उतरेल, पुन्हा लावावी लागेल. कळ नसलेल्या शिंगातून एखादा स्वर निसटेलही. परंतु पुढच्या रांगेतील वयस्क वादक गज उचलील, तेव्हा मागच्या रांगेतील तरुण त्याच्या मनगटाकडे पाहत असेल. हंगाम पुढे चालतो तो त्या पाहण्यावर.