धरणातील होडी व तिचे यंत्र

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



चिटणीसांनी आम्हांस शिक्षणावर बोलावयास सांगितले होते. त्या विषयावर आम्ही सारी नोकरी बोलत आलो. आज एका यंत्रावर बोलण्याची परवानगी असावी.

आपल्या महादेव कोळी या नावात ‘कोळी’ असले, तरी आपण सोनकोळ्यांप्रमाणे दर्यावर्दी नव्हे. आपण डोंगरउतारावर भात-नाचणी पिकविणारी माणसे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही पाच धरणे जुन्नर व आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांत झाली, आणि ज्या गावावरून आंबेगाव तालुक्यास नाव मिळाले, ते गावच घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. ज्या खाचरांत आवणी केली, त्यांच्यावर जाळे टाकण्याची पाळी आली. प्रथम मोटारीच्या ट्यूबवर बसून आणि मग वल्ह्याच्या होडीतून ही नवी विद्या आपल्या तरुणांनी कमाविली. विस्थापितांनी सहकारी संस्था काढली, कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडले. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या ‘शाश्वत’ संस्थेस २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले, हे आपणांस ठाऊकच आहे.

आता यंत्राकडे येतो. होडीच्या मागच्या फळीस बाहेरून अडकवावयाचे हे यंत्र, ज्यास कोकणात ओबीएम म्हणतात, ते नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड याने अमेरिकेत १९०९ साली बाजारात आणले. आमच्या घरचे यंत्र पाच अश्वशक्तीचे, टू-स्ट्रोक, कोकणातून जुने आणलेले. मुले मासे धरतात. आम्ही, सेवानिवृत्त असल्यामुळे, यंत्राची निगा राखतो, अशी आमची समजूत होती.

ती समजूत एका आषाढात उतरली. शेजारची अवघडलेली सून होडीत होती, पाऊस कोसळत होता. यंत्र चालू असता मागून पाण्याची जी बारीक धार पडते, ती पडत नव्हती. त्या धारेकडे कोणी पाहिलेच नाही. मध्यावर यंत्र तापून अडकले. होडीत वल्हे एकच होते. पैलतीर गाठावयास दोन तास लागले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, हे दैव. त्यात आमची काही करामत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आमचाच एक जुना विद्यार्थी यंत्र उघडून बसला व म्हणाला, “गुरुजी, इम्पेलर कधी बदलला होता?” आम्ही निरुत्तर. इम्पेलर म्हणजे पाणी ओढून यंत्रात खेळविणारे रबरी चक्र. गढूळ पाण्यातील रेती त्याच्या पात्या झिजविते आणि यंत्र कोरडे फिरविले तर ते क्षणात जळते. किंमत यंत्राच्या मानाने नगण्य. तो वर्षास एकदा बदलावा, आणि पाणी शिरण्याची जाळी पावसाळ्यात रोज साफ करावी.

पेट्रोलाचेही तसेच. आमच्या यंत्रास लिटरमागे २० मिलिलिटर तेल लागते. प्रत्येकाने आपापल्या यंत्राचे पुस्तक पाहावे. तेल पाण्याने थंड होणाऱ्या यंत्राचेच घ्यावे, मोटारसायकलचे नव्हे. आजच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतील ओल शोषते. म्हणून महिनोन्महिने डब्यात साठवू नये, आणि यंत्र ठेवून देताना कार्ब्युरेटर रिकामा करावा. खालच्या गिअरचे तेल काढून पाहावे. ते दुधासारखे पांढरे दिसले, तर आत पाणी शिरले असे समजावे. बहुधा जाळ्याचा दोरा दांड्यास गुंडाळून सील कापले गेलेले असते.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की बुडालेल्या घरांची जोती वर येऊ लागतात. पंखा त्यांवर आदळला की एक लहान पिन मोडते व पंखा वाचतो. तिचे कामच मोडण्याचे. गेल्या वैशाखात ती ज्या दगडावर मोडली, तो कोणाच्या घराचा हे होडीतील म्हातारीने लगेच ओळखले. आम्ही पिन बदलीपर्यंत ती त्या दगडाकडे पाहत बसली होती. अशा चार पिना व पाना होडीत बांधून ठेवावे.

तरुण मंडळी म्हणतात, मोठे यंत्र घेऊ. फोर-स्ट्रोक घेतल्यास पेट्रोल वाचेल, हे खरे. पण वजन वाढेल. आणि अश्वशक्ती दुप्पट झाली म्हणून वेग दुप्पट होत नाही. भरलेली १८ फुटी होडी ताशी दहा किलोमीटरच्या सुमारास आपल्याच लाटेत अडकते. पुढे नुसते पेट्रोल जळते. आम्ही आधी मागची फळी दुरुस्त करून यंत्राची उंची बरोबर केली, पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत आणली, आणि ओझ्यास योग्य असा कमी पिचचा पंखा बसविला. मुलांनी नव्या यंत्राचा विषय तूर्त तरी काढलेला नाही. उरलेल्या पैशांत दुसरे वल्हे व सहा लाइफ जॅकेटे आली. जॅकेट घालावयास ज्येष्ठ मंडळी लाजतात, आम्हीही लाजत होतो.

यंदाचा इम्पेलर मृगापूर्वीच बदलला आहे. त्या आषाढातला जुना येथे टेबलावर ठेवला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल, त्यांनी सभा संपल्यावर यावे.